माझ्या हातची गोळी

सरकारी कागदावर माझ्या नावापुढं ‘एम्प्लॉयर’ असं छापून आलं तेव्हा मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. चष्मा सापडत नाही म्हणून लेकीकडून वाचून घेतलं. मी म्हटलं, परत वाच. तिनं परत वाचलं. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून माझ्या डोक्यावर कोणी ना कोणी बसलेलंच होतं. आधी गावी मचव्यावरचा तांडेल, नंतर इथं सिंगापुरात जहाजांच्या यार्डात एकामागून एक सुपरवायझर. आणि आता मी स्वतः मालक. हाताखाली माणूस एकच आणि काम एकच, माझ्या बायकोला सांभाळायचं. तो कागद मी तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्याशेजारी टाचणीनं लावला. अजून तिथंच आहे. आता त्याच्याकडं बघवत नाही, पण काढतही नाही.

बायकोला मी जन्मभर ‘ही’ म्हणत आलो, इथंही तेच लिहितो. हिला झटका आला आणि उजवं अंग गेलं. बोलणं सगळंच गेलं असं नाही, चार-पाच शब्द उरले. अहो, चहा, नको, मेलं, बघा. जिच्या तोंडापुढं आमच्या मजल्यावरच्या चिनी म्हाताऱ्या, भाषा कळत नसताना, दोन पावलं मागं सरायच्या, तिच्यापाशी आता एवढीच शिल्लक.

हॉस्पिटलातून सोडायच्या आधी आम्हांला एका लहान खोलीत बसवलं. समोर समाजसेवेचं काम करणारी बाई, बाजूला माझी लेक, मधे व्हीलचेअरवर ही. ती बाई हळू आवाजात नर्सिंग होमबद्दल सांगत होती. तिथं नर्स असतात, व्यायाम असतो, खिडकीतून झाडं दिसतात. लेक मान हलवत होती. हिनं डाव्या हातानं माझ्या शर्टाचं टोक धरलं. बोटं पांढरी पडली तरी सोडेना. मी माझ्या इंग्रजीत म्हटलं, “होम. शी कम होम.”

बाई म्हणाली, ठीक आहे अंकल, न्या घरी. घरी सांभाळायला सरकार दर महिन्याला मदत देतं. मदतनीस तुम्ही निवडा, तुम्ही ठेवा, काम तुम्ही करून घ्या. पण आमचं माणूस मधूनमधून बघायला येईल. घरी त्या सुरक्षित नाहीत असं दिसलं तर, “वी थिंक अगेन.”

हे तीन शब्द मला चांगले ठाऊक होते. यार्डात ज्याच्याबद्दल ते बोलले जायचे त्याचा लॉकर महिन्याभरात रिकामा व्हायचा.

मदत मंजूर व्हायच्या आधी तपासणी होती. मी आदल्या दिवशी फरशी दोनदा पुसली. सकाळी हिला हिरवी साडी नेसवली, कुंकू लावलं, उशा लावून खुर्चीत ताठ बसवलं, कांदेपोहे केले. तपासायला आलेली मुलगी हातात स्क्रीनची पाटी घेऊन बसली आणि एकेक विचारायला लागली. आंटी स्वतः जेवतात?

“कॅन,” मी म्हटलं. इथं होय म्हणायला हा एक शब्द पुरतो.

कपडे स्वतः घालतात? “कॅन.” चालतात? “कॅन, कॅन. स्लो.”

लेक स्वयंपाकघरातून तीरासारखी बाहेर आली. “बाबा! व्हाय यू लाइक दॅट! पाहुणे आलेत का हे? आईला काय काय जमत नाही ते सांगायचंय!”

“घरातलं उणं असं परक्यापुढं काढतात होय?”

“तेच काढायचंय लाह, बाबा! त्यासाठीच आल्यात त्या!” चिडली की तिच्या मराठीत इथलं ‘लाह’ शिरतं.

तेवढ्यात ही खुर्चीतून एका बाजूला घसरली. मी धरायला गेलो तर साडी खालून ओली. किती वेळ झाला होता कोण जाणे. “मेलं,” ही म्हणाली आणि तोंड भिंतीकडं केलं. ती मुलगी पाटीवर बोट चालवत राहिली. जाताना पोहे मात्र सगळे खाल्लेन.

मदत मंजूर झाली. मी ‘कॅन’ म्हणत राहिलो असतो तर झाली नसती, हे लेकीनं मला पुढं चार वेळा ऐकवलं. मी ऐकून घेतलं. पण शिकलो नाही काही.

बाई निवडायची वेळ आली तेव्हा लेकीनं व्हिडिओ कॉलवर तीन जणी दाखवल्या. दोघी सारख्या हसत होत्या. तिसरी हसली नाही. म्यानमारची, चाळिशी ओलांडलेली, आधी एका म्हाताऱ्याला तो जाईपर्यंत सांभाळलेली. मी लेकीला म्हटलं, विचार तिला, आंटीनं थोबाडीत मारली तर काय करशील?

ती म्हणाली, मागं सरेन.

आणि मग?

मग परत पुढं येईन.

“तिसरीलाच घे,” मी म्हटलं.

बाई आली. अंगानं बारीक, पण हिला पलंगावरून खुर्चीत अशी उचलायची की हिला कळायचंही नाही. पाणी हिच्या नरड्यात अडकतं, म्हणून पाण्यात पावडर घालून ते पेजेसारखं दाट करून चमच्यानं पाजायची. मऊ भात कसा घोटायचा ते मी एकदा दाखवलं, दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा चांगला घोटला. ते मला फारसं आवडलं नाही.

मी घर यार्डासारखं चालवायला घेतलं. यार्डात कामाला हात लावायच्या आधी रोज सकाळी सगळ्यांना उभं करून सांगायचे, आज काम काय, काल चुकलं काय, धोका कुठं आहे. त्याला टूलबॉक्स मीटिंग म्हणायचे. मी साडेसातला स्वयंपाकघरात मीटिंग सुरू केली. माणसं दोन, मी आणि बाई. ती हात मागं बांधून उभी राहायची. मी धोके सांगायचो, बाथरूमची फरशी, व्हीलचेअरचा ब्रेक, उंबऱ्याची कड. आतून ही ओरडायची, “मेलं! चहा!”

“आंटी ऑल्सो मीटिंग,” बाई म्हणायची. तेवढंच तिचं विनोदाचं.

आणि वही. दिवसभरात काय झालं ते बाईनं लिहायचं, संध्याकाळी मी सही करायची. सहीशिवायचं काम म्हणजे न झालेलं काम, हा यार्डाचा नियम. बाई बारीक गोल अक्षरात इंग्रजीत लिहायची. मी चष्मा लावायचो, पानावरून डोळे वरपासून खालपर्यंत फिरवायचो, मान हलवायचो आणि सही ठोकायचो.

मला इंग्रजी वाचता येत नाही. आकडे येतात, माझं नाव येतं, एमआरटी रेल्वेच्या पाच-सहा स्टेशनांच्या पाट्या येतात. चाळीस वर्षं मी नटबोल्टांच्या स्टोअरवर काढली ती डोळ्यांवर आणि अंगठ्यावर. बोल्ट हातात घेतला की माप सांगायचो. हे एकट्या हिला ठाऊक होतं. लेकीला वाटायचं बाबांचा चष्मा कायम हरवलेला असतो. यार्डातसुद्धा कोणाला कळू दिलं नाही. समोरचा काही बोलला की मान हलवायची आणि ओके म्हणायचं, निम्मं आयुष्य पार पडतं.

बाईला सगळी कामं दिली, एक सोडून. गोळ्या मी देणार. आमच्या घरात औषध घरच्या माणसाच्या हातूनच द्यायची रीत. माझी आई म्हणायची, तुझ्या हाताला गुण आहे. गावात कोणाचं पोर तापानं फणफणलं की काढा पाजायला मला बोलावून न्यायचे. चौथी नापासाला गावानं दिलेली ती एकच पदवी. ती मी बाईच्या हातात कशी देणार?

लेकीनं सात झाकणांचा प्लास्टिकचा डबा आणून दिला होता, वारावारानं गोळ्या भरायचा. झाकणांवर इंग्रजी. तो मी माळ्यावर टाकला. यार्डातून निघताना आणलेला माझा पत्र्याचा डबा होता, बारा कप्प्यांचा. त्यात हिच्या गोळ्या बोल्टांसारख्या लावल्या. गुलाबी गोल, पांढरी मधे रेघ असलेली, लहान पिवळी, लांबट तपकिरी. सकाळी चार, संध्याकाळी दोन, केळ्याच्या कुस्करलेल्या घासात एकेक बसवून. एकही दिवस चुकलो नाही.

पुढं जे झालं ते जसं झालं तसं सांगतो.

सरकारी दवाखान्याच्या, पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर औषधं घ्यायला मी एकटाच जायचो. त्या दिवशी खिडकीतली मुलगी एक पाकीट उचलून बराच वेळ बोलली. पाकिटावर चिकटवलेला कागद बोटानं दाखवला. पाकिटात पांढऱ्या, लांबट, बारक्या गोळ्या होत्या, मी कधी न पाहिलेल्या. मागं रांग होती. “ओके, अंकल?” तिनं विचारलं. “ओके, ओके,” मी म्हटलं.

घरी येऊन बघितलं, बाकी सगळ्या नेहमीच्या, ही एक नवीन. डॉक्टरनं वाढवली, असं मी धरलं. पिवळ्या ह्या खेपेला दिल्या नव्हत्या, पण माझ्याकडं त्या उरल्या होत्या, दोन महिने पुरतील एवढ्या. स्टोअरचा माणूस माल टाकत नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी चारच्या पाच झाल्या. पिवळीही, पांढरीही.

चार-पाच दिवस काही नाही. मग ही चहाच्या वेळी उठेना. आधी चारच्या ठोक्याला “चहा!” म्हणून पलंगाची कड वाजवायची, आता पाच वाजले तरी पडून. हात गार. बोलावलं की डोळे उघडायची, पण मला ओळखायला वेळ लागायचा.

“अंकल, आंटी टू मच स्लीप,” बाई म्हणाली.

“हवा गरम आहे.”

“नॉट हॉट, अंकल. एअरकॉन ऑन.”

सरकारच्या खर्चानं तिला शिकवणीला पाठवलेलं होतं, तिथं शिकलेली. हिचं मनगट धरून घड्याळाकडं बघत बसायची, ओठ हलवत मोजायची, मग वहीत लिहायची. माझ्याकडं बघायची. मी सही करायचो. त्या दिवसांत ती वहीत फार लिहायला लागली. पान भरून मागच्या बाजूलाही. मला वाटायचं, एवढं लिहिण्यासारखं आमच्या घरात घडतंय काय?

खालच्या कॉफीशॉपात माझा एक जुना दोस्त बसतो, यार्डातला तमिळ वेल्डर. त्याला सांगितलं, बायको दिवसभर झोपते. त्यानं कप खाली ठेवला. “ब्रदर, मेडवर नजर ठेव. माझ्या शेजारणीला असंच झालं. म्हातारी झोपली की मेड मोकळी. दुधात टाकत होती काहीतरी.”

तो बोलून गेला आणि सगळं मला जागच्या जागी बसल्यासारखं वाटलं. बाईनं केलेलं दाट पाणी मी आधी चाखून बघायला लागलो. भात हुंगायला लागलो. ती हिला अंघोळ घालायची तेव्हा दाराबाहेर उभा राहायचो. घरात कोणीतरी माझ्या बायकोला हळूहळू विझवत होतं, हे मला आतून कळत होतं. आणि ते खरंच होतं.

सकाळी गोळ्या द्यायला बसलो की ही तोंड मिटून घ्यायला लागली. चमचा ओठांशी नेला की मान फिरवायची. “नको. अहो. नको.”

“अगं, माझ्या हातची आहे,” मी म्हणायचो. “त्या बाईच्या नाही. घे.”

अंगठ्यानं हनुवटी खाली करून मी घास आत सारायचो. माझ्या आईनं मला असंच पाजलं होतं. ही माझ्याकडं बघत गिळायची.

एका सकाळी बाजाराला निघालो आणि पैसे विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. बाई टेबलाशी उभी. माझा डबा उघडा. एका हातात पिवळ्यांची पट्टी, दुसऱ्या हातात पांढऱ्यांची, आणि फोननं फोटो काढत होती.

“हू टोल्ड यू टच?” मी असा ओरडलो की शेजारचं दार उघडलं.

ती दचकली, पण पट्ट्या ठेवल्या नाहीत. “अंकल, लुक. सेम मेडिसिन. नेम सेम.” दोन्ही पट्ट्या माझ्या डोळ्यांपुढं धरून अक्षरांवर बोट ठेवलं. “आय टेल यू. आय राइट इन बुक. यू साइन.”

मी बघितलं. एक पिवळी गोल, एक पांढरी लांबट. “सेम काय? कलर डिफरंट. शेप डिफरंट.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मग आवाज एकदम खाली आणून, अगदी मऊ करून विचारलं, “अंकल... यू कॅन रीड?”

एवढ्यावर मी तिला काढायचं ठरवलं. आज लिहिताना लाज वाटते, पण कारण तेच. हिच्या झोपेचं नाव मी पुढं केलं. खरं कारण तो मऊ आवाज. तिनं ओरडून विचारलं असतं तर कदाचित मी बोललो असतो.

एजंटाला फोन केला, दुसरी बाई बघा, ह्या बाईला शनिवारी घेऊन जा. डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. त्या संध्याकाळी बाईनं वही पुढं केली. लिहिलेल्या तीनच ओळी. मी सही केली.

गुरुवारी सकाळी पाच गोळ्या दिल्या. अर्ध्या तासानं बाथरूममधून बाईची हाक आली. तशी हाक मी यार्डात दोनदा ऐकली होती, दोन्ही वेळा माणूस उंचावरून पडला होता. ही अंघोळीच्या खुर्चीत मान टाकून होती, ओठ निळसर, पाणी अंगावरून वाहतंय. बाईनं एका हातानं तिला छातीशी धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं फोन लावत होती.

अॅम्ब्युलन्सची माणसं आली. पहिला प्रश्न, औषधं कोणती घेतात? बाई म्हणाली, “अंकल, बॉक्स. की.”

मी सदरा वर करून करदोट्याची गाठ सोडायला गेलो. बाथरूमच्या पाण्यानं गाठ ओली, घट्ट झालेली. बोटं चालेनात. बोल्टाला हात लावून माप सांगणारी बोटं. ती माणसं उभी, ही जमिनीवर, आणि मी माझ्याच कमरेशी झगडतोय. बाई स्वयंपाकघरातून कात्री घेऊन आली, माझ्यासमोर वाकली आणि दोरा कचकन कापला. परवानगी विचारली नाही.

हॉस्पिटलात लेक तांजोंग पगारच्या ऑफिसातून तशीच धावत आली, गळ्यात ओळखपत्र लोंबत होतं. डॉक्टरनं टेबलावर दोन पट्ट्या ठेवल्या. लेक ऐकत होती, मग माझ्याकडं वळली. “बाबा, ही एकच गोळी आहे. बीपीची. कंपनी बदलली म्हणून रंग बदलला. ह्या पाकिटावर लिहिलंय, जुन्या बंद करा म्हणून. तुम्ही दोन्ही देत होता? रोज?”

मला यार्ड आठवत होतं. माल पाठवणारा बदलला की बोल्टावरचा मुलामा बदलायचा, काल पिवळा, आज पांढरा, माप तेच. नवीन पोरं फसायची. मी त्यांना सांगायचो, रंगावर जाऊ नको रे, रंग फसवतो. चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं.

बाईनं पिशवीतून वही काढून लेकीला दिली. लेक वाचायला लागली, आधी मनात, मग मोठ्यानं मराठीत, मला ऐकू यावं म्हणून. “‘अंकलनी पिवळी आणि पांढरी दोन्ही दिल्या. मी अंकलना सांगितलं. अंकल ओके म्हणाले.’ खाली तुमची सही. ‘आज नाडी फार हळू. अंकलना सांगितलं.’ तुमची सही. ‘आंटी गोळी नको म्हणतात. अंकल तोंड उघडून देतात.’ सही.” शेवटचं पान तिनं मनातच वाचलं आणि मग हळूच सांगितलं. “‘शनिवारी मी जाणार. माझ्यानंतर येणारीनं कृपया गोळ्या बघाव्यात.’ ह्याच्यावरपण सही केलीत, बाबा. वाचून केलीत?”

वाचून केली म्हटलं तर मी जाणूनबुजून केलं. न वाचता केली म्हटलं तर असल्या माणसाच्या घरात हिला कोण ठेवील? दोन्हीकडं तेच तीन शब्द उभे होते, वी थिंक अगेन. ‘कॅन’ म्हणायची जागा उरली नव्हती.

“मला वाचता येत नाही गं.”

“चष्मा...”

“चष्म्याचं नाही. इंग्रजीच येत नाही. कधीच येत नव्हतं.”

सत्तेचाळीस वर्षांची माझी लेक, दोन मुलांची आई. तोंड लहान मुलीसारखं झालं. “शाळेतून माझी रिपोर्ट बुकं आणायचे मी. तुम्ही इतका वेळ बघत बसायचात...” तिनं वही मिटली.

ही वाचली. आठवड्यानं डॉक्टर म्हणाले घरी न्या, पण औषधाचा डबा आणि किल्ली मदतनिसाकडं. नवऱ्यानं हात लावायचा नाही. आणि तपासणी परत होईल. एम्प्लॉयर मी, आणि माझ्या मदतनिसाचं सामान शनिवारसाठी बांधलेलं; धावपळीत तो शनिवार टळला होता, पण सामान अजून पलंगाखाली तसंच.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी तिला म्हटलं, “यू स्टे?”

ती समोर बघत होती. “अंकल टेल एजंट, बॅड मेड. येस?”

“मी फोन करतो. सांगतो, बॅड अंकल.”

ती हसली नाही. “बॉक्स थ्रो. न्यू बॉक्स, की विथ मी.”

“ओके.”

“मॉर्निंग मीटिंग...”

“बंद करू?”

“नो. मीटिंग गुड. मीटिंग आय टॉक. यू स्टँड.”

आता साडेसातला मी हात मागं बांधून उभा राहतो. बाई धोके सांगते.

ही घरी आली त्याला आता सहा आठवडे होतील. डोळे पुन्हा उघडे असतात, चारला चहा मागते, बाईवर खेकसते. पण मी जवळ गेलो की तोंड मिटतं. गोळीचं नाही म्हणत मी, साधा भात, खीर, पाण्याचा चमचा. बाई तोच वाडगा, तोच चमचा घेते आणि ही चिमणीच्या पिलासारखा आ करते. माझ्या हाती आला की ओठ घट्ट. हातापासून नजर हलवत नाही, माझ्या हातापासून.

तपासणीला परत तीच मुलगी आली. पोहे केले नाहीत. तिनं विचारलं, औषध कोण देतं? मी बाईकडं बोट केलं. तुम्ही देत होता? होय. चुकलं कसं? सांगितलं. वाचता येतं? “कॅनॉट.” आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द तोंडातून काढला. मुलीनं पाटीवर पुष्कळ लिहिलं. मग मला म्हणाली, “अंकल, तुमचं वय किती? रात्री पडता का? विसरता का?” ती आता मला तपासत होती. जाताना म्हणाली, आंटी घरी राहणार की नाही त्याचं पत्र येईल.

पत्र काल आलं, पण बाईकडून वाचून घ्यायचं धाडस झालं नाही. लिफाफ्यावर माझं नाव, तेवढं वाचता आलं. बाई सकाळी लवकर गेली, आज रविवार, तिच्या सुट्टीचा, तिची माणसं जमतात तिकडं. लेक मरीन परेडहून दुपारी येईल. तोवर लिफाफा टेबलावर तसाच. उजेडाकडं धरून बघितला. आत एकच पान आहे.

सकाळची एक गोळी बाई लहान वाटीत काढून ठेवून गेली आहे. साडेआठची. बाकीच्या तिनं जाण्याआधी दिल्या, ही एक खाण्यानंतरची. वाटीखाली वहीचं पान, त्यावर तिनं गोळीचं चित्र काढलंय, पांढरी, लांबट, आणि घड्याळ. एक काटा इथं, एक तिथं. मला वाचता यावं म्हणून.

साडेआठला मी वाटी घेऊन हिच्याजवळ बसलो. चित्र दाखवलं. “बघ. बाईनं काढलंय. एकच आहे. मोज.” चमचा नेला नाही. हनुवटीला हात लावला नाही. हिचे ओठ मिटलेलेच.

शेवटी वाटी हिच्या डाव्या हाताशी ठेवली आणि माझे दोन्ही हात मागं घेतले, मीटिंगला बांधतो तसे. हिनं वाटीत बघितलं. चित्राकडं बघितलं. मग बोटांनी चाचपडत गोळी उचलली आणि मूठ मिटून घेतली.

आता पावणेदहा झालेत. मी हे लिहितोय, ही समोर आहे, मूठ मांडीवर. तोंडाकडं नेलेली नाही, खाली टाकलेलीही नाही. उघड म्हणायला तोंड नाही मला, आणि उघडायला हात लावणार नाही. लिफाफा टेबलावर आहे. लेक यायला अजून तीन तास आहेत.